सात महिने समुद्रकाठी जेवल्यानंतर

खोलीत शेगडी होती, पण ती फक्त चहापुरती, हे घरमालकाने पहिल्याच दिवशी बजावलं. त्यामुळे सात महिने दोन्ही वेळा बाहेर जेवलो. मधले काही उपास आणि आजारपणाचे दिवस वजा केले तरी चारशेच्या घरात जेवणं झाली. त्या जिवावर हे लिहितोय.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावरचं छोटं गाव. एका अंगाला पुळण, दुसऱ्या अंगाला खाडीचं मुख आणि धक्का, मधून एकच मोठा रस्ता, त्याच्या टोकाला बसथांबा. अशी गावं जगात शेकड्याने असतील. जाण्याआधी मी 'इथे जेवाच' छापाची पंधरा-वीस ठिकाणांची यादी करून नेली होती. तिसऱ्या महिन्यात ती यादी टाकून दिली आणि भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक लावलं. असं का केलं, ते पुढे येईलच.

सुरुवातीचे दोन आठवडे मीही सगळ्यांसारखाच पुळणीवरच्या रांगेत बसलो. वाळूत खुर्च्या, दिव्यांच्या माळा, पायाशी समुद्र. बसायला सुंदर, यात वादच नाही. पण एकदा आत डोकावलो तर शेगड्या दोन, आणि मेनूकार्डावर पदार्थ नव्वदच्या वर. मग हे येतं कुठून? डीप फ्रीजरमधून. पहिली शंका मला सामन माशाने आणली. सामन थंड पाण्यातला मासा. बाजारात मिळणारा बहुतेक सामन नॉर्वे आणि चिली इथल्या मत्स्यशेतीतून येतो. समोर कोमट समुद्र आणि ताटात विमानाने आलेला मासा! दुसरी शंका कोळंबीने आणली. पाच दिवस पाच ठिकाणी खाल्ली, सगळी एका मापाची, साच्यातून काढल्यासारखी. समुद्रातून पकडलेली कोळंबी इतकी शिस्तीची नसते. ती तलावातली होती. त्यात लपवण्यासारखं काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली मासे, कोळंबी वगैरे जलचरांच्या उत्पादनात पाळलेल्यांचा वाटा पहिल्यांदाच पकडलेल्यांपेक्षा जास्त झाला, ५१ टक्के.

गोठवलेलं म्हणजे वाईट, असं मात्र नाही. ऑक्टोपस गोठवला की उलट मऊ पडतो. बर्फाच्या कणांनी त्याचे तंतू तुटतात. त्या रांगेतला ऑक्टोपस मी शेवटपर्यंत आवडीने खात होतो. राग एवढ्याचाच की 'आजचा मासा' म्हणून पैसे घ्यायचे आणि फ्रीजर उघडायचा. वजनावर विकला जाणारा मासा ही तर वेगळीच गंमत. एका ठिकाणी मासा तोलला डोक्या-आतड्यांसकट, ताटात आला त्याच्या निम्म्याने. विचारलं तर 'सगळीकडे असंच असतं.' तेव्हापासून वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे बसण्याआधी विचारतो. आणि वारा! समुद्राकडे तोंड करून गरम जेवण जेवता येत नाही. चौथ्या घासाला सगळं गार, पाचव्याला दाताखाली वाळू. तिथे संध्याकाळी काहीतरी प्यायला बसावं, एखादी तळलेली प्लेट मागवावी आणि जेवायला उठून दुसरीकडे जावं.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर धक्क्याकडे. तिथे एक खाणावळ आहे. खाणावळ म्हणजे पत्र्याखाली चार बाकडी, एक फळा आणि एक बाई. मेनूकार्ड नाही. फळ्यावर खडूने तीन, फार तर चार ओळी. एखादी गोष्ट संपली की बाई ओल्या तळव्याने ती ओळ पुसते आणि तोच हात पदराला पुसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. पहिल्या दिवशी मी 'ताजा आहे का?' असं विचारलं. ती काही बोलली नाही. टोपलीतला मासा उचलला, अंगठ्याने कल्ला वर केला आणि माझ्या नाकाखाली धरला. आत लालभडक, डाळिंबाच्या दाण्यांसारखं. डोळा फुगीर आणि काचेसारखा स्वच्छ. मग पाठीवर बोट दाबून सोडलं, तर खळगा लगेच भरून आला. वास आला तो समुद्राचा, माशाचा नाही. नंतर मी हेच सगळीकडे करायला लागलो. कल्ले तपकिरी, डोळा आत गेलेला आणि दुधाळ, पोट लिबलिबीत, की मी उठलोच. तुकडे करून ठेवलेल्या माशाचं मात्र काही कळत नाही, म्हणून मासा अख्खाच बघायचा.

आता कोष्टकाची गोष्ट. ही खाणावळ सापडल्यावर मी खूश होतो, पण आठवडाभराने जेवण बिघडलं. तीच बाई, तोच मसाला, आणि मासा मात्र मलूल. वाटलं, ओळख झाली म्हणून आपल्याला गृहीत धरलं. आणखी आठवड्याने पुन्हा उत्तम. मग पुन्हा घसरण. हा झोका दीड महिना चालला. शेवटी धक्क्यावर जाळी शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाने हसत खाडीच्या मुखाकडे बोट दाखवलं. मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला होड्या त्यावरून आत येऊच शकत नाहीत, बाहेर थांबून राहतात. म्हणजे मासा कधी उतरणार ते भरती ठरवते.

आणि भरती रोज त्याच वेळेला येत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर ती दिवसातून दोनदा येते, साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने, त्यामुळे रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आमच्या गावात पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, खरं तर एक-दोन दिवस उलटल्यावर, उधाणाची भरती दुपारच्या आधी यायची. होड्या अकराच्या सुमाराला आत, साडेबाराला ताटात. त्या दिवसांतलं दुपारचं जेवण म्हणजे सुख. आठवड्याने, अष्टमीच्या सुमाराला, भरती सरकत पाच-साडेपाचवर गेलेली असायची. शिवाय ती भांगाची, म्हणजे पाणी मुळातच कमी चढणारं, त्यामुळे मोठ्या होड्या अडायच्या. त्या आठवड्यात दुपारी पानात पडायचा तो कालचा मासा. तेव्हा मासा खायचा तर रात्री. बाईचा काहीच दोष नव्हता, मीच चुकीच्या वेळी जात होतो.

आमच्या वेळा दुसऱ्या गावी चालणार नाहीत, प्रत्येक बंदराचं घड्याळ वेगळं. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती असते. पण होड्या कधी लागतात हे कुठल्याही धक्क्यावर विचारलं तर कुणीही सांगतं. जेवायला कुठे जाऊ, असं विचारलं तर प्रत्येकजण आपल्या मेव्हण्याकडे पाठवतो.

हा धडा पुरेसा गिरवला नव्हता तेव्हाची एक फजिती. चौथ्या महिन्यात रात्री नऊ वाजता, भलत्याच ठिकाणी, ट्यूनाचा जाड तुकडा खाल्ला. जिभेला मिरीसारखं चुरचुरलं. वाटलं, मसाला असेल. वीसेक मिनिटांत मान लाल, कानात ठोके, डोकं गरगरायला लागलं. आरशात बघितलं तर चेहरा उन्हात दिवसभर नांगर धरल्यासारखा. मला माशाची अ‍ॅलर्जी झाली, म्हणजे आता उरलेले महिने काय खायचं, हीच पहिली चिंता! दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: कोणता मासा, आणि किती वाजता? मग म्हणाले, ही अ‍ॅलर्जी नाही, हिस्टामिन आहे.

ट्यूना, बांगडा या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. पकडल्यावर मासा लगेच बर्फात गेला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा ते तयार झालं की तळा, भाजा, उकळा, गोठवा, जात नाही. वासावरून, रूपावरूनही कळेलच असं नाही. अ‍ॅलर्जीवरच्याच गोळीने तासाभरात उतार पडला. दुसऱ्या दिवशी बाईकडे गेलो आणि हातवारे करून सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने बर्फाच्या लाद्यांची पेटी उघडून दाखवली आणि फळ्यावरची ट्यूनाची ओळ पुसून टाकली. त्या दिवशी बर्फाची गाडी आली नव्हती. तेव्हापासून मी जागा बघताना आधी बर्फ बघतो. बर्फात मासा पुरलेला हवा. नुसत्या बर्फावर मांडून ठेवलेला मासा फोटोपुरता.

प्रवाळ असलेल्या किनाऱ्यांवर आणखी एक भानगड असते, सिग्वाटेरा. प्रवाळावरच्या शेवाळावर वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवापासून हे विष निघतं, लहान माशांतून मोठ्यांत साठत जातं आणि शिजवून हटत नाही. त्यात कधीकधी गार वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागते. १७७४ मध्ये कॅप्टन कुक यांच्या जहाजावरच्या लोकांना आजच्या वानुआतूजवळ मासा खाऊन जो त्रास झाला, तो हाच असं मानलं जातं. बॅराकुडा आणि प्रवाळावरचे थोराड शिकारी मासे मी यासाठी टाळले. किनाऱ्यावर सगळ्यात मोठा मासा मागवून फोटो काढायची हौस असते खरी, पण तळहाताएवढा मासा चवीलाही सरस लागतो.

कालवं मी कच्ची खाल्ली नाहीत. कालव पाणी गाळून जगतं, पाण्यात असेल ते सगळं त्याच्यात उतरतं, आणि कोमट समुद्रात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू फोफावतात. शिजवलेली भरपूर खाल्ली.

बसथांब्यावरच्या खाणावळीबद्दल कुणी लिहीत नाही, मी लिहितो. ड्रायव्हर, हमाल, शाळेचे शिक्षक तिथे जेवतात, आणि घाईत जेवतात. भांडं दोन तासांत रिकामं होतं, त्यामुळे शिळं राहायला वावच नाही. दुपारी मला तिथे पाचपैकी साडेचार. रात्री मात्र दोन. दुपारचा उरलेला भात पातेल्यात झाकून तसाच राहतो आणि रात्री परतून समोर येतो. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात उकळला तरी मरत नाहीत. कोमट भातात ते पुन्हा जागे होतात, आणि उलट्या घडवणारं त्यांचं विष परतून नाहीसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा मानते. उष्ण कटिबंधातल्या स्वयंपाकघराची हवाच त्या पट्ट्यात असते. यात मी एकदा अडकलो. वर्णन करत नाही.

दोन महिन्यांनी मासा नकोसा होतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. मला भाजीची डोहाळे लागल्यासारखी आठवण यायची. रेताड जमिनीत फारसं पिकत नाही, भाजी आतल्या भागातून ट्रकने यायची, आठवड्यातून दोनदा. ट्रकच्या दिवशी हिरवं खायचं, एरवी मिळे ती दमलेली कोबी आणि बटाटे. शाकाहारी माणसाने महिनाभराच्या वर राहायचं असेल तर ट्रकचे वार विचारूनच खोली घ्यावी आणि शेगडीसाठी घरमालकाशी भांडावं. कच्ची कोशिंबीर मी टाळली; ती कोणत्या पाण्यात धुतली, हे ताटावरून समजत नाही. सोलून खायची फळं आणि समोर फोडलेलं शहाळं यांवर भागलं.

मग पाऊस लागला. समुद्र खवळला, होड्या ओढून वर घेतल्या, पुळणीवरच्या रांगेने ताडपत्र्या बांधल्या आणि कुलपं लावली. तीन महिने ज्यांच्याबद्दल कुरकुरलो ते नव्वद पदार्थ आठवले, खोटं कशाला बोलू! उघडी राहिली ती दोनच: बसथांबा आणि बाई. तिच्या फळ्यावर सुका मासा, खाडीतली खेकडी आणि बहुतेक दिवशी फक्त अंडी. सुक्या माशाचा तिचा रस्सा, पत्र्यावर धो धो पाऊस आणि बाकड्यावर मी एकटा, ही माझ्या चारशेतली पहिल्या पाचात बसणारी जेवणं. हंगामात आठ दिवस येणाऱ्याला ती मिळायची नाहीत.

निघायच्या दिवशी पावसाळा सरला होता, होड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. गाडी तीनची. निरोपाचा मासा खायचा म्हणून साडेबाराला गेलो. भिंतीवरचं कोष्टक आदल्या रात्रीच काढून बॅगेत भरलं होतं, त्यामुळे बघायचं राहिलं. तिथी होती नवमी. फळा कोरा. बाईने माझ्याकडे बघितलं, मग खाडीकडे बघितलं, आणि काही न विचारता तव्यावर दोन अंडी फोडली.