तंजावरला जायचंच तर पौष वद्य पंचमी गाठा

दक्षिणेच्या बहुतेक टूर तंजावरला बृहदीश्वराच्या देवळापुरत्याच थांबतात. दोन तास, फोटो, की गाडी मदुराईच्या रस्त्याला. माझ्या आईवडिलांना एका टूर कंपनीने असंच फिरवून आणलं. देवळाच्या प्राकारात भिंतभर मराठी कोरलेलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलंसुद्धा नाही. मला त्याचा अजून राग आहे. म्हणून मी स्वतःच आखणी केली, गावात मुक्काम ठेवला आणि त्यागराज आराधनेची, म्हणजे कर्नाटक संगीतातले संतरचनाकार त्यागराज यांच्या पुण्यतिथीच्या संगीतोत्सवाची, तिथी धरून गेले.

ही तिथी म्हणजे पौष वद्य पंचमी, बहुधा जानेवारीत येते. उत्सव होतो तिरुवैयारूला, तंजावरपासून साधारण १३ किलोमीटर. कावेरीकाठी त्यागराजांच्या समाधीपाशी मोठा मांडव असतो आणि तिकीट लागत नाही. सकाळी शेकडो गायक-वादक समोरासमोर रांगा करून बसतात आणि त्यागराजांच्या पाच रचना, पंचरत्न कृती, एकसाथ गातात. त्यांचे राग : नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. मी हिंदुस्थानी संगीत शिकलेली, त्यामुळे ताल मोजताना गोंधळत होते. शेजारच्या मामींनी ते पाहिलं आणि सरळ माझा हात धरून दाखवलं. मांडीवर एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं, मग टाळी आणि उताणा हात, पुन्हा टाळी आणि उताणा हात. पाचही कृती याच आदितालात. एकदा तो हाताला लागला की एवढ्या गर्दीतही आपण गाण्याच्या आत असतो. आरभी सुरू झाली तेव्हा माझे डोळे भरून आले. नाट्यगीतांतून हा राग आपल्या कानात आधीपासून असतोच.

मांडवात बायका पुरुषांच्या बरोबरीने गातात. एके काळी त्यांना इथे गाऊ देत नसत. गायिका बेंगळूरु नागरत्नम्मांनी १९२०च्या दशकात स्वतःच्या पैशाने समाधीमंदिर उभारलं आणि बायकांसाठी ही जागा मिळवली. जाणाऱ्या प्रत्येकीने त्यांचं नाव लक्षात ठेवावं.

खाण्याला माझे पैकीच्या पैकी मार्क. इडलीबरोबर ‘कडप्पा’ मागा. मूगडाळ-बटाट्याचा, नारळ-बडीशेपेच्या वाटणाचा पातळ रस्सा असतो. सगळीकडे रोज करत नाहीत, त्यामुळे बसण्याआधी विचारून घ्या. तिरुवैयारूचा अशोका हलवाही मूगडाळीचाच. केळीच्या पानावर गरम वाढतात, बोटांना तूप लागतं, आणि गोड न खाणारी मीसुद्धा दुसऱ्यांदा मागून घेतला. सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडल्याची गोष्ट सगळे सांगतात. तिला पुरावा नाही आणि तिची गरजही नाही. तंजावरच्या मराठी घरांत आजही उडदाच्या पिठाचं डांगर होतं, ‘डांगर पचडी’ म्हणून. तेवढी खूण मला पुरली.

आता बृहदीश्वराच्या त्या भिंतीबद्दल. राजराज चोळाचं हे देऊळ १०१० सालचं. त्याने इथे चारशे नर्तकी आणून वसवल्याचं देवळातल्याच लेखांत आहे. त्याच देवळात १८०३ साली तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, देवनागरी लिपीत. नैर्ऋत्य बाजूला जाऊन सावकाश वाचा. अक्षरं लागतात. दुपारी देऊळ बंद असतं आणि फरसबंदी अनवाणी पायांना भाजते, म्हणून सकाळीच जा.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल या जुन्या ग्रंथालयाला वेगळा वेळ द्या. मोडी शिकलेल्यांना इथल्या दफ्तराची ओढ असतेच, पण मूळ कागद अभ्यासकांनाच, आधी परवानगी घेऊन पाहता येतात. इतरांसाठी संग्रहालय आहे. दरबारातला सरफोजींचा संगमरवरी पुतळा इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनचा. हात जोडून उभे असलेले राजे मला फार आवडले.

वीणा करणाऱ्यांची घरंही गावात आहेत. फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली ती एकांड वीणा. मी पाहिलं तेव्हा कारागीर काळ्या मेणात पितळी पडदे बसवत होता. एक पडदा बसवायचा, तार छेडायची, ऐकायचं, केसभर सरकवायचा. असे चोवीस. घाई करू नका, बसू देतात.

आराधनेच्या आठवड्यात खोल्यांची मारामार असते, दिवाळीच्या सुमारासच बुकिंग करा. जवळचा विमानतळ त्रिची, तिथून रस्त्याने दीड तास धरा.