पाच फेजची मोटर: सुटे व्हेक्टर की आभासी?

पाच फेजची मोटर प्रेडिक्टिव्ह करंट कंट्रोलवर (पुढचा करंट आधीच काढून स्विच ठरवणाऱ्या नियंत्रणावर) चालवायची, तर आधी ठरवावं लागतं: इन्व्हर्टरचे (डीसीचं एसी करणाऱ्या स्विचच्या संचाचे) व्हेक्टर, म्हणजे एकेका स्विचिंग स्थितीतून मिळणारं व्होल्टेज, सुटे वापरायचे की जोडून?

सुट्या पद्धतीत कंट्रोलर 32 स्विचिंग स्थितींपैकी प्रत्येकीने पुढच्या सॅम्पलला (गणनेच्या ठरावीक छोट्या कालखंडाला) करंट किती होईल ते काढतो आणि सर्वांत कमी चूक देणारी स्थिती सॅम्पलभर लावतो. प्रतिसाद झटपट. पण पाच फेजचं गणित दोन प्रतलांत मांडतात, आणि टॉर्क देणाऱ्या अल्फा-बीटा प्रतलासोबत दुसऱ्या, एक्स-वाय प्रतलातही व्होल्टेज जातं. वाइंडिंग वितरित (अनेक खाचांत पसरलेलं) असेल तर तिथे करंट अडवायला फक्त स्टेटरचा (मोटरच्या स्थिर भागाचा) रोध आणि लीकेज इंडक्टन्स (गळणाऱ्या चुंबकीय प्रवाहामुळे होणारा छोटा अडथळा); थोडं व्होल्टेजही भरपूर करंट वाहवतं. स्कोपवर बघा: वेग स्थिर, फेज करंट मात्र जाडाभरडा, काटेरी. त्यातून टॉर्क मिळत नाही, नुसतं तांबं तापतं. कॉस्ट फंक्शनमध्ये (चूक मोजणाऱ्या सूत्रात) वेटिंग फॅक्टर (एक्स-वायच्या चुकीला किती वजन द्यायचं तो आकडा) घालून हे आवरता येतं, पण तो जुळवणं किचकट.

आभासी व्हेक्टर, म्हणजे एकाच सॅम्पलमध्ये दोन खरे व्हेक्टर जोडून केलेला, हे दुखणं मुळातूनच काढतो. सॅम्पलच्या 61.8 टक्के वेळ मोठा व्हेक्टर, उरलेल्या 38.2 टक्के त्याच दिशेचा मध्यम. एक्स-वायमध्ये हे दोघं परस्परविरुद्ध, म्हणून सरासरी शून्य. तपासायचे पर्यायही 11 च. मला हाच मार्ग पटतो.

मोबदला व्होल्टेजचा: मोठ्यात मोठा व्हेक्टर डीसी बसच्या (इन्व्हर्टरला मिळणाऱ्या डीसी व्होल्टेजच्या) 0.647 पटीऐवजी 0.553 पट. शिवाय डेड टाइममुळे (स्विच बदलताना वरचा-खालचा दोन्ही क्षणभर बंद ठेवल्यामुळे) किंवा वाइंडिंगच्या असमानतेमुळे येणारा एक्स-वाय करंट आभासी व्हेक्टर आपणहून दुरुस्त करत नाही. आणि एखादी फेज तुटली, तर सगळे आभासी व्हेक्टर नव्याने बांधावे लागतात.