निओफ्लाय आणि निओबोल्ट : एमएसच्या अंगाने केलेले परीक्षण

आयआयटी मद्रासमधील संशोधनातून उभ्या राहिलेल्या निओमोशन या कंपनीने २०२० मध्ये 'निओफ्लाय' ही मापाप्रमाणे बेतून मिळणारी व्हीलचेअर आणि तिला पुढून जोडायचे 'निओबोल्ट' हे बॅटरीवर चालणारे वाहन बाजारात आणले. माझ्या थोरल्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, ती नागपुरात राहते आणि हीच जोडी वापरते; म्हणून हे परीक्षण केवळ त्या आजारापुरते आहे.

निओफ्लायची खरी किंमत कळते ती दुकानातल्या साध्या घडीच्या खुर्चीत काही वर्षे काढल्यावर. त्या खुर्चीची बैठक बहुधा अठरा इंची असते, मग बसणारी व्यक्ती कितीही किरकोळ असो. ताईचे दोन्ही हात चाकांपर्यंत नेताना फाकत, खांदे वर चढत आणि मागचे चाक फार मागे असल्याने पुढच्या छोट्या चाकांवर नको तेवढा भार येई. मापाच्या खुर्चीत बैठक कंबरेला धरून असते, मागच्या चाकाचा आस शरीराच्या भाराखाली येतो आणि कोपर किंचित वाकलेले असतानाच हात चाकाच्या कडीवर पडतो. एमएसमध्ये दिवसाची शक्ती मोजून वापरावी लागते, तेव्हा प्रत्येक ढकलण्यामागे वाचणारे हे श्रम चैनीचे नव्हेत. स्वयंपाकघर ते गॅलरी हे अंतर ताई आता कोणाला हाक न मारता पार करते.

मात्र माप एकदाच घेतले जाते आणि एमएसचे शरीर दिवसभर एकसारखे राहत नाही. मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण झिजलेले असल्यामुळे शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी संदेशवहन मंदावू शकते. विदर्भातल्या मे महिन्यात याचा अर्थ काय होतो, हे मानेवर ओला पंचा घेऊन बसणाऱ्यालाच विचारावे. सकाळी ताठ बसणारी ताई दुपारी तीनला एका कुशीवर कलते, पाय ताठरून पायपट्टीवरून सरकतात. सकाळच्या शरीराला उत्तम बसणारी कमी उंचीची पाठ दुपारी अपुरी पडते. एमएससाठी खुर्ची आखणाऱ्याने माप थकलेल्या वेळी पुन्हा घ्यावे, आणि पाठीची उंची व कोन घरच्या माणसाला अवजारांशिवाय बदलता यावेत, असे मला ठामपणे वाटते. हवा खेळती ठेवणारी गादीही आपल्या हवामानात मूळ रचनेचाच भाग मानायला हवी.

निओबोल्ट ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग घेते आणि बाजारात येताना एका चार्जिंगमध्ये २५ किलोमीटर जाण्याची तिची क्षमता सांगितली गेली होती. फुटाळा तलावावर संध्याकाळी स्वतः गाडी हाकत जाणे, ही ताईच्या लेखी या खरेदीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. पण हँडल, थ्रॉटल (वेग कमीजास्त करायची मूठ) आणि ब्रेक या तिन्हींसाठी भरवशाची पकड लागते. ज्यांच्या हातांना कंप आहे किंवा ज्यांची नजर अधूनमधून दुहेरी होते, त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी मागे झुकणारी बैठक आणि हलक्या स्पर्शाची जॉयस्टिक असलेली इलेक्ट्रिक खुर्चीच योग्य, जरी ती वजनाने अवजड आणि जिन्याच्या इमारतीत निरुपयोगी असली तरी.

हात अजून शाबूत आहेत, घरात फिरायचे आहे आणि बाहेरही पडायचे आहे, अशा रुग्णाला मी ही जोडी निःशंकपणे सुचवीन. फक्त मापासाठी वेळ ठरवताना ती दुपारची मागून घ्यावी आणि फिजिओथेरपिस्टला सोबत बसवावे.