पुरीची फिल्म आणि घावनाची फिल्म

आमच्या मसाल्याच्या ईको व्हॅनला दोनदा रॅप केलं, म्हणजे छापलेली चिकट फिल्म बाहेरून चढवली. पहिलं दीड वर्षात उतरवलं, दुसऱ्याचा आता तिसरा उन्हाळा चालू आहे. गाडी तीच, मिरचीचा फोटोही तोच. बदलली ती फक्त फिल्म, म्हणून लिहितेय.

पहिल्यांदा चौकातल्या रेडियमवाल्याकडे गेले. त्याने दोन तुकडे हातात दिले, मी जाड होता तो निवडला. जाड म्हणजे टिकणार, असा आपला सरळ हिशोब! पहिल्याच मे महिन्यात सरकत्या दाराच्या पट्टीलगतच्या खोबणीत फिल्म तंबूसारखी उभी राहिली. कडा आत आक्रसल्या, उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसली आणि सगळ्या चित्राला काळी किनार आली. वर लॅमिनेशन, म्हणजे छपाईवरचा पारदर्शक थर, नव्हतंच, त्यामुळे दिवाळीपर्यंत लाल मिरची गुलाबी झाली. एक गिऱ्हाईक म्हणालंसुद्धा, "ताई, सरबत पण ठेवता का?"

खरा ताप पुढेच. ती फिल्म काढताना तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि गोंद पत्र्यावरच राहिला. दोन दिवस दोन माणसं हीट गन घेऊन खरवडत होती.

मग कोल्हापुरातल्या एकाने नीट समजावलं. स्वस्तातली कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरमधून दाबून, ओढून पातळ करतात. कास्ट फिल्म द्रव ओतून भट्टीत सुकवतात. मला लगेच पोळपाट आठवला. मैद्याची पुरी कितीही लाटा, ती मागे येतेच. घावन ओतलं तिथंच बसतं.

थ्रीएम कंपनीची आयजे १८० ही कास्ट फिल्म घेतली, वर त्यांचंच ८५१८ लॅमिनेशन. फिल्म साधारण ५० मायक्रॉनची, हातात घेतल्यावर फसवल्यासारखं वाटतं इतकी पातळ. पण तीच खोबणीत वळते. लॅमिनेशनही कास्टच हवं, नाहीतर खाली घावन आणि वर पुरी, मग वरची खालचीला ओढणारच. रोलच्या मागच्या कागदावर कंपनीचं नाव छापलेलं असतं, ते आधी पाहून घेतलं. छपाईनंतर शाई सुकायला त्याने एक अख्खा दिवस रोल तसाच ठेवला. आमचे हे चिडले, मी नाही. कांडपाच्या आधी मसालासुद्धा आपण उन्हात घालतोच की.

बिल पहिल्यापेक्षा अडीचपट झालं. मिरची अजून लाल आहे, खोबण्या बसलेल्या आहेत. तक्रार फिटिंगची. शेड उघडी होती, बॉनेटवर फिल्मखाली धुळीचे तीन कण अडकलेत आणि उन्हात तेच डोळ्यात खुपतात. दाराच्या मुठीमागचा एक कोपराही उचलला होता. त्याने फुकट बसवून दिला, पण त्यासाठी कोल्हापूरला दोन खेपा झाल्या.

पूर्ण गाडी लाल करायचा मोह मी आवरला. आरसीवर रंग पांढरा आहे, तो बदलायचा तर आरटीओचे कागद आले. म्हणून निम्मी गाडी पांढरीच ठेवली, आणि अक्षरं त्यावर जास्त उठून दिसतात.

सगळ्यांनी कास्टच घ्यावी असं मात्र नाही. आमच्या भाऊजींच्या छोट्या हत्तीचा मागचा डबा चारही बाजूंनी सपाट आहे, खोबण नाही की गोलाई नाही. तिथं मीच त्यांना स्वस्तातली लावायला सांगितली. लॅमिनेशन तेवढं करायला लावलं.