अर्जदाराच्या रकान्यात कोणाचे नाव होते?

डिचोली तालुक्यातील आमच्या घरी २०१४ सालापासून आगळ, आमसुले, कोकम सरबत आणि मिरचीचे लोणचे विक्रीसाठी तयार होते. सासूबाईंनी परसातल्या विहिरीला घरात जे नाव पूर्वापार होते तेच बाटलीवर घातले आणि त्याच नावाने आमचा माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओळखला जाऊ लागला. ते नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्याचा वाद मुंबईच्या ट्रेडमार्क, म्हणजे मालाच्या नावा-चिन्हांची नोंदणी करणाऱ्या, कार्यालयात प्रलंबित आहे. ज्याने ते आमच्याकडून काढून घेतले त्याचेही नाव त्याच कारणाने लिहीत नाही. घडले ते मात्र तारखांसह लिहिते, कारण घरगुती उत्पादनाला नाव देऊन विकणाऱ्या अनेकजणी माझ्या ओळखीच्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींची कागदपत्रे आमच्यासारखीच अपुरी आहेत.

टाळेबंदीत बाजार बंद पडल्यावर आम्ही ऑनलाइन विक्री सुरू केली. त्या सुमारास, जानेवारी २०२१ मध्ये, यजमानांच्या ओळखीचा एक गृहस्थ घरी आला. पुण्या-मुंबईच्या दुकानांत आमचा माल पोचवण्याची आणि नावाची नोंदणी करून देण्याची जबाबदारी त्याने आपण होऊन घेतली. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाची ओळख म्हणून होणारी नोंद, मिळाले हे आम्हांला ठाऊक होते, आणि त्याने नेमका त्याचाच दाखला दिला: "वहिनी, फेणीला मिळाले तसे तुमच्या नावाला मिळवून देतो. कागदपत्रांची काळजी तुम्ही करू नका." भौगोलिक मानांकन एका व्यक्तीचे नसते, ते त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामायिक असते आणि त्याची नोंद चेन्नईच्या कार्यालयात होते, ट्रेडमार्क मात्र ज्याच्या नावावर नोंदला जातो त्याच्या मालकीचा होतो. हा फरक तेव्हा मला माहीत असता, तर मी निदान एक प्रश्न विचारला असता, की मालक म्हणून तुम्ही कोणाचे नाव घालणार आहात?

त्याने दोन वर्गांच्या, म्हणजे मालाच्या दोन प्रकारांच्या, नोंदणीसाठी २८,००० रुपये घेतले. सरबतासाठी वर्ग ३२ आणि आमसुले व लोणच्यासाठी वर्ग २९ हे त्याने बरोबर सांगितले. परंतु व्यक्तीने किंवा लहान उद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, म्हणजे दोन्ही मिळून ९,००० रुपयेच होते, हे त्याने सांगितले नाही. जास्तीचे पैसे त्याच्या श्रमांचे म्हणून मी सोडूनही दिले असते. खरी फसवणूक पैशांची नव्हती.

फेब्रुवारीत त्याने मोबाइलवर पावतीचे छायाचित्र पाठवले. त्यात अर्जाचा क्रमांक आणि आमच्या मालाचे नाव होते, पण चित्र खालच्या बाजूने कापलेले होते आणि अर्जदाराचा रकाना त्या कापलेल्या भागात गेला होता. ती पावती म्हणजेच नोंदणीचे प्रमाणपत्र असे आम्ही समजलो आणि त्याच्या सांगण्यावरून बाटलीवर 'टीएम' ही अक्षरे छापली. ती अक्षरे नोंदणी नसतानाही कोणालाही लावता येतात. वर्तुळातले 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच लावता येते आणि खोटेपणाने लावल्यास दंड होऊ शकतो. त्याच महिन्यात त्याने शंभर रुपयांच्या मुद्रांकावर माझी आणि सासूबाईंची सही घेतली. मजकूर इंग्रजीत होता, आणि ते नोंदणीसाठी लागणारे वकीलपत्र आहे असे त्याने सांगितले. प्रत्यक्षात तो करार होता, ज्यात नावाचा मालक म्हणून त्याची पेढी आणि तिला माल देणारे पुरवठादार म्हणून आम्ही, असे लिहिलेले होते. घरात इंग्रजी वाचणारा पुतण्या असताना मी तो कागद त्याला दाखवला नाही, याची खंत मला आजही आहे.

ट्रेडमार्कचा अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत कोणालाही त्यावर हरकत घेता येते. आमच्या बाबतीत तो नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ते जर्नल इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य पाहता येते, अर्जाचा क्रमांक माझ्या मोबाइलमध्ये होता, आणि तरीही मी एकदाही पाहिले नाही, कारण पाहायचे असते हेच मला माहीत नव्हते. चार महिने निघून गेले आणि २०२२ साली नोंदणी पक्की झाली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या मागणीच्या वेळी, आम्ही ज्या संकेतस्थळावर विक्री करत होतो तेथून आमची सगळी उत्पादने काढून टाकण्यात आली. कारण म्हणून 'ट्रेडमार्कधारकाची तक्रार' एवढेच कळवले होते. आठवड्याभरात वकिलाची नोटीस आली, की नावाचा वापर थांबवा, अन्यथा नाव वापरण्याबद्दल विक्रीवर आठ टक्के स्वामित्वशुल्क आणि मागील वापराबद्दल तीन लाख रुपये द्या. सासूबाईंना मी ती मराठीत वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी इतकेच विचारले, "विहीरसुद्धा त्याची का?"

पणजीच्या वकीलबाईंनी आमच्यासमोरच ट्रेडमार्क निबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला. अर्जदार म्हणून त्या गृहस्थाच्या पेढीचे नाव होते, पत्ता पुण्याचा होता. मात्र तेथेच आम्हांला आधार देणारी एक नोंदही सापडली. 'वापर कधीपासून' या रकान्यात त्याने 'वापर प्रस्तावित' असे लिहिले होते, म्हणजे अर्जाच्या दिवसापर्यंत आपण हे नाव वापरलेले नाही, असे त्याने स्वतःच नोंदवले होते. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३४ नुसार, नोंदणीच्या आणि धारकाच्या वापराच्या आधीपासून एखादे नाव सातत्याने वापरणाऱ्याला नोंदणीधारक अडवू शकत नाही. म्हणून २०१४ पासूनचा प्रत्येक कागद आम्ही शोधून काढला: म्हापशाच्या छापखान्याची लेबलांची बिले, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी, दुकानदारांच्या सह्यांची चलने, बँकेच्या नोंदी. २०१६ आणि २०१७ सालांची बिले मात्र पावसाळ्यात भिजून वाया गेली होती, आणि वापराचे सातत्य दाखवताना नेमकी ती दोन वर्षे आम्हांला अडचणीची ठरत आहेत. जुनी बिले सांभाळणे हे काम मी तोवर फक्त करापुरतेच मानत होते.

लेबलावरच्या चित्राची गोष्ट वेगळी सांगायला हवी. रतांब्याच्या फांदीचे ते रेखाचित्र शेजारच्या मुलीने २०१४ साली आम्हांला मोबदला न घेता काढून दिले होते आणि त्या गृहस्थाने नावाबरोबर तेही अर्जात घातले होते. चित्र काढले त्या क्षणीच त्याचा कॉपीराइट त्या मुलीचा झाला. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तिच्या हयातीत व नंतर साठ वर्षे टिकतो. म्हणून तिने त्याला न दिलेल्या चित्राची नोंदणी हा त्याच्याविरुद्ध आमचा दुसरा मुद्दा झाला. पण कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर तो सहीनिशी लेखी द्यावा लागतो, आणि तिच्याकडून आम्हीही कधी काही लिहून घेतलेले नव्हते; तिने मनात आणले असते तर आम्हांलाही थांबवता आले असते. २०२४ मध्ये तिच्याशी रीतसर करार केला, तिला मोबदला दिला आणि मुदत व प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहिले, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षेच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो.

नोंदणी रद्द करण्याचा कलम ५७ खालील अर्ज आम्ही मार्च २०२४ मध्ये मुंबईला दाखल केला. ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला २,७०० रुपये आहे, वकिलांचा खर्च त्याच्या अनेकपट झाला. त्या गृहस्थाचे उत्तर आले आहे आणि त्यात त्याने तोच मुद्रांकावरचा करार जोडला आहे. त्यावर आमच्या दोघींच्या सह्या आहेत हे आम्ही नाकारलेले नाही. त्या करारापूर्वी सात वर्षे ते नाव कोण वापरत होते, एवढेच आम्ही पुराव्याने मांडत आहोत.

सासूबाईंच्या नावाने स्वतंत्र अर्जही केला, त्यात वापर २०१४ पासूनचा लिहिला आणि शपथपत्र जोडले. त्याचा परीक्षण अहवाल, म्हणजे अर्ज तपासून कार्यालयाने दिलेला अभिप्राय, आला आहे. आधी नोंदलेले सारखे चिन्ह असल्याची हरकत त्यात घेतली आहे, आणि ते चिन्ह म्हणून आमच्याच विहिरीचे नाव, त्याच्या पेढीच्या नावासह, छापलेले आहे.