गव्याचे फक्त चार पाय दिसले : गाडीला ‘थर्मल’ कॅमेरा बसवण्याआधी हे वाचा

आजऱ्यात आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. आठवड्यातून दोनदा मी माल घेऊन गोव्याला जातो. परतताना बांदा, सावंतवाडी, आंबोली करत घरी पोचायला रात्रीचा एक-दीड वाजतो. या रस्त्याने रात्री ये-जा करणाऱ्यांना गव्याबद्दल वेगळं सांगायला नको. अंग जवळजवळ काळं, त्यामुळे डांबरावर उभा असला तर हेडलाइटमध्येसुद्धा अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. मोठा नर टनाच्या आसपास भरतो. गेल्या मे महिन्यात माझ्या मामेभावाच्या मोटरसायकलला गवा आडवा आला. जीव वाचला, पण खांद्याचं हाड मोडलं आणि तीन महिने तो घरी बसून होता. तेव्हापासून आमच्या घरी एकच घोर होता. मी गोव्याला निघालो की घरची मंडळी जागी राहायची.

अशात मोबाइलवर एक व्हिडिओ आला. मिट्ट काळोखातला रस्ता आणि स्क्रीनवर निखाऱ्यासारखं केशरी दिसणारं जनावर. खाली लिहिलं होतं, ‘थर्मल नाईट व्हिजन, कुठल्याही गाडीला बसवून मिळेल’. थर्मल म्हणजे अंगातली उष्णता टिपून अंधारात दाखवणारा कॅमेरा. कोल्हापुरातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानाचा नंबर होता. दुसऱ्याच दिवशी गेलो.

दुकानदाराने शटर अर्धं ओढलं, दिवे घालवले आणि कामावरच्या पोराला मागच्या भिंतीपाशी उभं केलं. स्क्रीनवर पोरगा केशरी-पिवळा आणि भिंत जांभळी. “बघा दादा, अंगातली उष्णता दिसतीया. परदेशातल्या महागड्या गाड्यांत असतो त्योच सेन्सर हाय.” पोरानं पांढरा टी-शर्ट घातला होता आणि रस्त्यावरचा उजेड शटरखालून आत येत होता, हे माझ्या फार नंतर ध्यानात आलं. फिटिंगसकट २७,५०० रुपये ठरले. रोख दिले तर दीड हजार कमी म्हणाला, म्हणून २६,००० रोख मोजले. बिलावर त्याने लिहिलं, ‘नाईट कॅमेरा सेट – १ नग’. मी बिल न वाचता घडी घालून खिशात ठेवलं.

कॅमेरा बसवला तो आत, आरशाच्या मागे, समोरच्या काचेला चिकटवून. सगळी लबाडी तिथेच उघडी पडली होती, पण मला ती ओळखता आली नाही.

पहिले काही दिवस मी खूश होतो. स्क्रीनवर सगळं रंगीत आणि स्पष्ट दिसायचं. एक गोष्ट मात्र खटकायची. किलोमीटरचे दगडही कुत्र्यासारखेच केशरी दिसायचे. दिवसभर उन्हात तापले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण पाऊस पडून गेल्यावर रात्री एक वाजतासुद्धा ते तसेच केशरी होते.

मग ती रात्र आली. आंबोली मागे पडली होती. धुकं नव्हतं, रस्ता मोकळा होता. एरवी त्या टप्प्यात मी चाळिसाच्या वर जात नाही. त्या रात्री काटा साठावर होता, कारण भरवसा कॅमेऱ्यावर होता. स्क्रीनवर खाली, जमिनीलगत, चार आखूड पिवळे ठिपके दिसले. वर काहीच नाही, नुसता जांभळा अंधार. कडेचे पांढरे दगड असतील असं वाटलं. शेजारी बसलेला आमचा माणूस ओरडला, “दादा, गवा!” ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. मागे उरलेले काजूचे डबे धडधडत सीटवर येऊन आदळले. गाडी थांबली तेव्हा गवा बॉनेटपासून दोन हातांवर होता. त्याने फुरफुर केली, आमच्याकडे पाहिलं आणि संथपणे झाडीत उतरला.

गव्याच्या गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे केस असतात. माझ्या २६ हजारांच्या कॅमेऱ्याला तेवढेच दिसले होते. जिवंत, गरम, टनभर जनावराचं धड त्याने ‘थंड’ दाखवलं, कारण ते काळं होतं.

घरी आल्यावर झोप लागली नाही. सकाळी भाचा आला. तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. त्याने बॉनेटवर दोन सारखे कागदी कप ठेवले, एकात उकळतं पाणी आणि दुसऱ्यात बर्फ. स्क्रीनवर दोन्ही कप सारखेच केशरी! बर्फाच्या कपावर काळा रुमाल टाकला तर तो जांभळा झाला, आणि उकळत्या कपावर टाकला तर तोही जांभळा. “मामा, हा साधा कमी उजेडात चालणारा कॅमेरा आहे. पांढऱ्याला केशरी आणि काळ्याला जांभळा रंग चढवलाय, बस.”

त्याने मला जे समजावलं ते इथे सांगतो, कारण हे आधी माहीत असतं तर मी दुकानाची पायरी चढलो नसतो. खरा थर्मल कॅमेरा वस्तूतून निघणारे ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, म्हणजे उष्णतेचे किरण, टिपतो. हे किरण साध्या काचेतून जातच नाहीत. म्हणून कॅमेरा काचेच्या आत बसवून बाहेरचा रस्ता दिसत असेल, तर तो थर्मल नाही, यात वादच नको. २००० सालच्या मॉडेलच्या कॅडिलॅक डव्हिल या अमेरिकन गाडीत ही सोय पहिल्यांदा आली, तेव्हाही कॅमेरा पुढच्या जाळीत होता. त्याची लेन्ससुद्धा काचेची चालत नाही, बहुधा जर्मेनियमची असते आणि तिच्यातून आपल्याला आरपार दिसत नाही. माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्समधून आतली चिप दिसत होती. बहुतेक खऱ्या कॅमेऱ्यांत दर थोड्या वेळाने बारीक ‘टिक’ असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थांबतं, आतलं शटर सेन्सर जुळवून घेत असतं. भिंतीवर तळहात दाबून काढला तर पंजाचा ठसा काही सेकंद स्क्रीनवर राहायला हवा. हे सगळं दुकानात उभ्या उभ्या पाहता येतं. फक्त परीक्षेला चकचकीत स्टीलचा पेला घेऊ नका, त्याने खरा कॅमेराही चकतो.

आणखी एक जात बाजारात आहे, इन्फ्रारेड दिवेवाली. ती फसवणूकच असते असं नाही. ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न जाणवणारा उजेड टाकून ती काळं-पांढरं चित्र दाखवते. पण ती उजेड बघते, उष्णता नाही. ती ‘थर्मल’ म्हणून विकली तर ते खोटंच.

खरा कॅमेरा घेणाऱ्यांनाही एक सांगतो. आंबोलीच्या दाट धुक्यात तोही कमी पडतो. आजऱ्याकडे येताना गवसे गाव सोडल्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागचे दिवे नसताना उभ्या असतात. तासन्‌तास थांबून गार पडलेली ट्रॉली आणि रस्ता यांत थर्मल कॅमेऱ्याला फारसा फरक दिसत नाही.

दुकानात परत गेलो तर त्याने बिलावर बोट ठेवलं. “ह्यात थर्मल कुठं लिव्हलंय?” व्हिडिओ दाखवला तर म्हणाला, तो कंपनीचा आहे, आमचा नाही. कंपनी कुठली, तर डब्यावर नावच नाही. वर गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं की फिटिंग करताना मूळ वायर सोलून जोड मारलाय, म्हणून वायरिंगची वॉरंटी आता मिळणार नाही.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑनलाइन किंवा परगावी घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. सुदैवाने खरेदीआधी दुकानदाराशी व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं मी पुसलं नव्हतं. त्यात त्याने स्वतः ‘ओरिजिनल थर्मल’ असं दोनदा लिहिलंय.

परवा दुकानदाराचा निरोप आला, १२ हजार घ्या आणि तक्रार मागे घ्या. मी नाही म्हणालो. तोच व्हिडिओ अजून फिरतोय आणि आमच्याच रस्त्याने रात्री जाणाऱ्या दोघांनी मला भाव विचारला. तुमच्याकडे असा सेट असेल तर आज रात्रीच बॉनेटवर दोन कप ठेवून पाहा. खोटा निघाला तर डबा, बिल, मेसेज काहीही टाकून देऊ नका, आणि कपांची परीक्षा मोबाइलवर चित्रित करून ठेवा. आणि तोवर घाटात चाळीसच्या वर जाऊ नका.