मेंदूज्वराचं पीसीआर पॅनेल: ८ महिने वापरल्यावर

आमच्या मुलांच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जनुकांवरून जंतू ओळखणारं हे मशीन येऊन ८ महिने झाले. मशीनच्या पाऊचमध्ये २०० मायक्रोलिटर सीएसएफ (पाठीतून काढलेलं, मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी) टाकायचं, म्हणजे जेमतेम चार थेंब, की तासाभरात १४ जंतू-व्हायरसचा रिपोर्ट.

आधी कौतुक. सात महिन्यांचं बाळ आलं, गावात दोन दिवस इंजेक्शनं झालेली, टाळू फुगलेली, पाठीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं. मायक्रोस्कोपखाली स्लाइडवर नुसत्या पस सेल्स (पूच्या पेशी), जंतू एक दिसेना, कल्चरही (जंतू उगवून बघायची टेस्ट) शेवटपर्यंत कोरडंच. अँटिबायोटिक आधी गेलं की असंच होतं, मेनिंगोकॉकस हा जंतू तर दोन तासांत उगवायचा बंद होतो. पण मेलेल्या जंतूचा डीएनए मागे उरतो ना, मशीनने न्यूमोकॉकस हा जंतू दाखवला, रात्री पावणेदोनला सरांना फोन केला तर त्यांनी आधी "नक्की?" असंच विचारलं.

आता दुसरी बाजू. १२ दिवसांचं बाळ, पॅनेल साफ निगेटिव्ह, पण स्लाइडवर मला लाल काड्या दिसत होत्या, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह जातीचे जंतू. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्कीवर (कल्चरची प्लेट) क्लेबसिएला हा जंतू उगवला! तो यादीतच नाही, आणि ई. कोलाय या जंतूचासुद्धा फक्त के-१ प्रकारच धरतं. स्लाइड १० मिनिटांची, खर्च नाहीच्या बरोबर, ती सोडली असती तर आम्ही निगेटिव्ह म्हणून मोकळे झालो असतो. टीबी पण नाही यात, आपल्याकडे! त्यासाठी सीबीनॅट वेगळं लावतो. आणि कुठलं औषध लागू पडेल हे पॅनेल सांगत नाही, त्यामुळे कल्चर आहेच, फक्त सीएसएफचा बल्ब (बाटली) फ्रिजमध्ये ठेवू नका हे प्रत्येक नव्या सिस्टरला मी स्वतः सांगते, हिमोफिलस आणि मेनिंगोकॉकस गारठ्याने मरतात.

एकदा तर न्यूमोकॉकस आला आणि सीएसएफमध्ये पेशी दोनच, साखर नॉर्मल, बाळ खेळतंय. आमच्यातल्याच एकाने मास्क हनुवटीवर ठेवून पाऊच भरलेलं, हा जंतू धडधाकट माणसाच्या घशातही असतो. परत लावलं तर निगेटिव्ह. एक पाऊच १० हजारांच्या वर जातं, वर आईवडिलांना दिलेला घोर वेगळा. तेव्हापासून भरायचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच (हवा गाळणारं सुरक्षित कपाट).

छोट्या लॅबवाल्यांनो, घेताना एक्स्पायरी नीट बघा. आमची तीन पाऊचं फेकावी लागली, उन्हाळ्यात पेशंटच नव्हते, आणि नवीन बॉक्स यायच्या आदल्या रात्री झटके येणारं पोर आलं, तेव्हा परत आपलं मायक्रोस्कोप आणि मी.